सरांची मुद्दाम केलेली चूक

किण्.

कप बशीवर जरासा सरकला, तेवढाच आवाज. बाहेरच्या खोलीत नऊ मुलं वह्यांत डोकी खुपसून बसली होती. त्या शांततेत तो एवढासा आवाजही मोठा वाटला. चहा घेऊन आलेली सरांची मुलगी दारातच थबकली होती आणि माझ्याकडे बघत होती. माझ्यावर लिहिलेल्या तिसऱ्या ओळीकडे.

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. त्या दुपारी काय झालं ते मला सांगायचंच आहे, पण एकदम तिथे उडी मारून चालणार नाही. मी ज्यांचा फळा आहे त्यांना पायरी गाळलेली मुळीच खपत नसे. तेव्हा पहिल्या पायरीपासून सांगतो.

माझा जन्म एका सुताराच्या पडवीत झाला. सर तेव्हा तरुण होते, नुकतंच लग्न झालं होतं आणि शाळेत गणित शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती. दुपारी घरी मुलं शिकायला येत. शाळेत ज्यांची गणिताची वही कोरीच राही, अशीच मुलं. त्यांच्यासाठी सरांना घरात एक मोठा फळा हवा होता.

सुतार म्हणाला, "एवढी रुंद फळी एकसंध कुठून आणू मास्तर? दोन जोडाव्या लागतील. पण काळजी करू नका, जोड असा बुजवतो की दिसायचा नाही."

सर म्हणाले, "बुजवू नका. फक्त बरोबर मधोमध आणा."

"कमाल आहे तुमची! लोक जोड लपवायला सांगतात आणि तुम्ही मधोमध मागता?"

सर नुसते हसले. सुताराने मला काळ्या रंगाचे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपरने घासलं, आणि मधली ती बारीक उभी रेघ तशीच राहू दिली. घरी आल्यावर मला तिचा उपयोग कळला. भूमितीची सिद्धता लिहिताना सर त्या रेघेच्या डावीकडे विधान लिहीत आणि उजवीकडे कारण. डावीकडे काय ते, उजवीकडे का ते. उजवी बाजू रिकामी ठेवून डावीकडे पुढची ओळ लिहायची नाही, हा नियम. मुलगा कितीही हुशार असो, नियम म्हणजे नियम.

सर मुलांना सांगत, "उत्तराचं मला कौतुक नाही. उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलंच आहे. तू तिथवर कुठल्या वाटेने गेलास, ते दाखव."

आणि समीकरण सुटलं की ताळा. सापडलेली किंमत मूळ समीकरणात परत घालायची, डावी बाजू वेगळी काढायची, उजवी बाजू वेगळी काढायची, आणि दोन्ही सारख्या आल्या तरच खडू खाली ठेवायचा. "ताळा न करता उठणं म्हणजे दार न लावता घराबाहेर पडणं," असं सर म्हणत.

पण आमच्या वर्गाची खरी गंमत निराळीच होती. सर रोज एक चूक मुद्दाम करत. कंसाबाहेरचा तीन आतल्या पहिल्यालाच गुणायचा आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवायची. किंवा संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे न्यायची आणि तिचं चिन्ह बदलायचं नाही. कधी काटकोन नसलेल्या त्रिकोणात पायथागोरस घुसवायचा. चेहरा मात्र असा, जणू काही झालंच नाही. जो ती चूक पकडेल तो उरलेला तास सरांच्या खुर्चीत बसणार, आणि सर खाली सतरंजीवर बसून दोन्ही कान धरून म्हणणार, "चुकलो, सरकार!"

त्या खुर्चीसाठी मुलं काय जागी राहायची! गणिताच्या नावाने रडणारी मुलं माझ्यावरची अक्षर न् अक्षर डोळ्यांत तेल घालून वाचायची. पण रोज एकच चूक, बरं का. ती एकदा सापडली की वर्ग निर्धास्त. बाकीचं सगळं खरं, डोळे मिटून वहीत उतरवायचं.

मित्रांनो, एक गुपित सांगतो. ती चूक येणार हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं. सर मुद्दाम चुकताना खडू हलका धरत. पुसायचंच आहे, तर उगाच कशाला जोर लावा! बाकीच्या ओळी माझ्यात खोल उमटत, आणि ती एक ओळ नुसती अंगावरून हात फिरवल्यासारखी जाई.

सरांना एकच मुलगी. तिला ते चिंगी म्हणत. ती उभी राहायला शिकली तीच माझी खालची कड धरून. पुढे तिला उजव्या बाजूचं असं काही वेड लागलं की घरात ती प्रत्येकाला कारण विचारू लागली.

"चिंगे, झोप आता."

"कारण?"

"कारण मी सांगतेय म्हणून!" तिची आई म्हणायची. "अहो, बघा तुमच्या फळ्याने काय करून ठेवलंय. एक तर घरभर खडूची भुकटी, गिरणीत राहिल्यासारखं वाटतं, आणि वर ही वकिली."

सर मग गंभीरपणे माझ्याजवळ येत आणि लिहीत. विधान : चिंगी झोपेल. कारण : दिलेले आहे. "आई जे म्हणते ना चिंगे, ते दिलेलं समजायचं. ते सिद्ध करावं लागत नाही."

माझे ते दिवस फार चांगले होते. एकदा एक गवंडी आला, सरांचा जुना विद्यार्थी. दारातच चपला काढून सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या कडेवरून हात फिरवत म्हणाला, "सर, अजून प्रत्येक भिंतीचा कोपरा तीन, चार, पाचाची दोरी धरूनच तपासतो. कुणी विचारलं तर सांगतो, कारण उजवीकडे लिहिलंय." सर त्या दिवशी दोनदा चहा प्याले. दवाखान्यातली एक नर्सही यायची. औषधाचं प्रमाण काढताना अजून मनातल्या मनात ताळा करते, म्हणायची. मी तर लाकूड. पण अशा वेळी लाकडालाही आपण कुणीतरी आहोत असं वाटतं.

मग चिंगीचं लग्न झालं, सर शाळेतून निवृत्त झाले, आणि एका सकाळी चिंगीची आई छातीत कळ येऊन गेली. सरांनी वर्ग बंद केला. माझ्या खिळ्याला कुणीतरी एक कॅलेंडर अडकवलं. सव्वा वर्ष माझ्यावर एक रेघ उमटली नाही, मित्रांनो. सर समोरच्या खुर्चीत बसून राहत. कॅलेंडरचं पान उलटायचंही त्यांना सुचत नसे.

चिंगीचा नवरा जहाजावर नोकरीला होता, सहा-सहा महिने बाहेर. ती आपल्या दोन वर्षांच्या लेकीला घेऊन सरांकडेच राहायला आली. सकाळी ती औषधांच्या दुकानात काम करी आणि दुपारी घरी असे. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने ते कॅलेंडर काढलं, मला कोरड्या फडक्याने पुसलं, शेजारच्या दोन मुलांना हाताला धरून आणलं, आणि सरांच्या हातात खडू ठेवला.

"बाबा, यांना बीजगणित येत नाही."

"कोणालाच येत नाही," सर म्हणाले. "शिकवावं लागतं." आणि उठले.

त्या दिवसापासून सर पुन्हा दाढी करू लागले, जेवू लागले, शीळ घालू लागले. म्हणून सांगतो, हा वर्ग चिंगीला किती मोलाचा होता ते विसरू नका. तिने वडिलांना या फळ्यापाशी परत आणलं होतं. त्यांना इथून उठवणं तिच्या हातून कसं व्हावं?

आता त्या दुपारकडे येतो.

सर लिहीत होते, ५(क्ष − २) = ३क्ष + ८. दुसरी ओळ, ५क्ष − १० = ३क्ष + ८. इथवर ठीक. तिसरी ओळ, ५क्ष − ३क्ष = ८ − १०. उणे दहा पलीकडे गेले आणि उणेच राहिले. ते अधिक व्हायला हवे होते.

मुलांत एक मुलगी होती, शिंप्याची. प्रत्येक पायरीवर हुज्जत घालायची म्हणून सर तिला वकीलबाई म्हणत. ती ताडकन उठली. "पकडली! सर, दहाचं चिन्ह तसंच ठेवलंत! उठा, खुर्ची माझी!"

सगळा वर्ग हसला. सर माझ्याकडे बघत राहिले. त्या ओळीकडे, मग वरच्या ओळीकडे, परत खाली. मग उशिरा, जरा जास्तच उशिरा, त्यांनी कान धरले. "चुकलो, सरकार."

कुणालाच काही वाटलं नाही. पण मित्रांनो, त्या ओळीला खडूचा पूर्ण जोर होता. ती माझ्यात खोल उमटली होती. ती चूक मुद्दाम केलेली नव्हती.

हे मला कळलं, आणि दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या चिंगीला कळलं. मला खडूच्या जोरावरून कळलं. तिला वडिलांच्या चेहऱ्यावरून.

त्यानंतर ती दुपारी वर्गाच्या वेळी बाहेरच्या खोलीतच बसू लागली. मांडीवर शिवण, नाहीतर लेकीची वेणी. नजर मात्र माझ्यावर. सर पाणी प्यायला आत गेले की ती उठे, फडकं घेऊन धूळ झटकल्यासारखं करी, आणि बोटाच्या टोकाने एखादं चिन्ह पुसून बरोबर करी. उणेचं अधिक. सहाचे नऊ. सर येत, बघत, म्हणत, "हं, बरोबर," आणि पुढे चालत. एकदा त्यांनी तिला पकडलं.

"चिंगे! वर्ग चालू असताना फळ्याला हात लावायचा नाही, किती वेळा सांगितलं?"

"धूळ होती, बाबा."

"धूळ असू दे. गणित पुसशील."

फोनवर ती नवऱ्याशी बोले, तेव्हा मी ऐके. "बाबा? बरे आहेत. शिकवतात ना, मजेत आहेत." मग एकदा आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टरांकडे नेलं होतं. त्या म्हणाल्या, हा विसरण्याचा आजार मागे फिरत नाही. वाढतच जातो. शिकवणं जमेल तितके दिवस चालू द्या म्हणाल्या... नाही, बाबांना सांगितलं नाही. कसं सांगू? सांगितलं तर खडू खाली ठेवतील आणि मग काय राहील?"

तिला वाटलं, आपण शेजारी बसून सावरून घेऊ. तिची चूक झाली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण ती रोज बसू शकणार नव्हती, हे तिने धरलं नव्हतं.

एके दिवशी तिच्या लेकीला ताप भरला. चिंगी आतल्या खोलीत तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. बाहेर भूमितीचा तास होता. सुरुवातीलाच सरांनी एक चूक केली, हलक्या हाताची, अगदी अस्सल, आणि मुलांनी ती लगेच पकडली. कान धरून झाले, हसून झालं. दिवसाची चूक संपली.

मग सरांनी दोन त्रिकोण काढले. एकाचे तिन्ही कोन दुसऱ्याच्या तिन्ही कोनांएवढे. डावीकडे लिहिलं, म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप आहेत. उजवीकडे कारण लिहिलं, कोकोको कसोटी.

बाजू-कोन-बाजू ही बाकोबा कसोटी असते, कोन-बाजू-कोन ही कोबाको असते, तीन बाजूंची बाबाबाही असते. पण नुसत्या तीन कोनांवरून दोन त्रिकोण एकरूप होत नाहीत. आकार सारखा असेल, माप सारखं असेलच असं नाही. मी हे चाळीस वर्षांत सरांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. आणि आता त्यांच्याच हाताने ते माझ्यावर लिहिलं होतं, पूर्ण जोराने.

मुलांना त्या नावाचीच मजा वाटली. "कोकोको! सर, ही तर कोंबडीची कसोटी!" सगळी आरवायला लागली. सरही हसले. आणि दिवसाची चूक आधीच सापडली होती, म्हणून बाकीचं सगळं खरं, म्हणून सगळ्यांनी ते वहीत उतरवलं. वकीलबाईने तर लाल शाईने चौकट केली. चिंगी बाहेर आली तोवर मी पुसला गेलो होतो.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. फळ्यावर कुणी काहीही लिहावं, फळ्याने ते धरून ठेवायचं. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

तीन आठवड्यांनी शिंपी आले. सोबत वकीलबाई, डोळे सुजलेले. शिंपीही एके काळी सरांच्याच वर्गात बसलेले.

ते खुर्चीवर बसेनात. उभेच राहून म्हणाले, "सर, तुमची चूक असणं शक्य नाही, हे मी हिला घरून सांगूनच आणलंय. हिनेच नीट ऐकलं नसणार. चाचणीत भूमितीचा मोठा प्रश्न पुरा गेला, हिचा आणि इथल्या आणखी चौघांचा. शाळेतल्या बाईंनी वर्गासमोर विचारलं, ही कोंबडीची कसोटी कुठून आणली म्हणून. आता ही म्हणते, शाळेत पाय ठेवणार नाही."

"बाबा, मी नीटच ऐकलं होतं!" वकीलबाईने दप्तरातून वही ओढली आणि लाल चौकट उघडून धरली. "हे बघा. तारीखही आहे."

सरांनी चष्मा लावला. वाचलं.

शिंपी हळूच म्हणाले, "आता मला काय कळतं सर, पण एकाच बेताचे दोन शर्ट शिवले, एक बापाचा, एक पोराचा, तर कोन सगळे तेच येतात. म्हणून पोराचा शर्ट बापाला होतो का? तुम्हीच मला हे शिकवलं होतं, माझ्याच धंद्यातलं उदाहरण देऊन."

चिंगी आतल्या दारात उभी होती, तिचा हात चौकटीवर. मग सर ताठ झाले.

"ती चूक मी मुद्दाम केली होती," ते म्हणाले. "रोज एक करतो. तुम्हाला पकडता आली नाही, त्याला मी काय करू? लक्ष नसतं तुमचं."

"त्या दिवशीची चूक आम्ही आधीच पकडली होती!" वकीलबाई रडतच म्हणाली. "एकच असते ना रोज? तुम्हीच म्हणता. आणि नाही सापडली तर शेवटी तुम्ही सांगता. मग सांगितली का नाही, सर?"

सरांनी चष्मा काढला. वही मिटली. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो. कुठल्याही मुलाच्या 'का'ला त्यांच्याकडे उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं.

चिंगी पुढे आली. वकीलबाईच्या डोक्यावर हात ठेवून तिने एवढंच म्हटलं, "तुझं काही चुकलेलं नाही. मी उद्या तुझ्या शाळेत येते, बाईंशी बोलते. चूक माझी आहे." शिंप्यांनी तिच्याकडे बघितलं, मग सरांकडे, आणि त्यांना सगळं कळलं. ते खाली वाकले, सरांच्या पायाला हात लावला, आणि लेकीला घेऊन गेले. जाताना दार इतकं हळू लोटलं, जणू आत कुणी आजारी निजलं आहे.

सर खुर्चीत बसले नाहीत. सतरंजीवर बसले, मुलं बसतात तिथे. माझ्याकडे तोंड करून. मी कोरा होतो. चिंगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"चिंगे."

"हं, बाबा."

"ती मी मुद्दाम केली होती ना?"

मित्रांनो, माझ्यावर आजवर हजारो प्रश्न लिहिले गेले. इतका अवघड एकही नव्हता. ती खडूच्या भुकटीने माखलेला त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली होती.

"हो, बाबा," ती म्हणाली.

"मग ठीक आहे," सर म्हणाले. पण त्यांनी कारण विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नुसतं विधान घेतलं आणि उजवी बाजू रिकामी सोडली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून रजा घेऊन चिंगी शाळेत गेली. मग पाचही मुलांच्या घरी गेली. मग उरलेल्या चौघांच्या. वर्ग बंद झाला. पाचही मुलांची भूमिती तिने स्वतः घेतली, पण आमच्या खोलीत नाही, शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, सकाळी दुकान उघडण्याआधी. वकीलबाई शाळेत जाऊ लागली, असं तिने एकदा फोनवर नवऱ्याला सांगितलं. आणि मग फोन खाली ठेवून ती माझ्याकडे तोंड करून रडली. घरात रडायला तिला माझ्याशिवाय दुसरी भिंत नव्हती. बाकी सगळीकडे कुणी ना कुणी बघणारं होतं.

पहिले कितीतरी दिवस सर दुपारी तयार होऊन बसत. "मुलं आली नाहीत अजून?"

"आज सुट्टी आहे, बाबा."

"कसली सुट्टी?"

काय सांगणार? एक दिवस परीक्षा, एक दिवस सहल, एक दिवस शाळेत काहीतरी कार्यक्रम. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. ते तर मला जास्तच लागलं.

मला तुम्हाला काही सांगायचं आहे, मित्रांनो. फळ्याची काळजी कशी घ्यायची ते सोपं आहे. ओल्या फडक्याने पुसू नका, रंग उडतो. भिंतीला ओल असेल तर मागे पातळ फळीची पट्टी ठोका. खडू संपत आला तरी नखं घासू नका. इतकं केलंत तर मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. पण माझ्यासमोर जो उभा राहतो, त्याची काळजी घ्यायची रीत मला ठाऊक नाही. मी एवढंच पाहिलं आहे की त्याची चूक हसण्यावारी नेली तर ती वाढते, आणि लपवली तर दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत जाऊन बसते. म्हणून तुमच्या घरातलं कुणी एखादी पायरी गाळू लागलं, तेच तेच विचारू लागलं, तर चिडू नका, थट्टा करू नका. आणि एकट्याने सावरत बसू नका. घरात सांगा. जे अजून त्यांना येतं ते त्यांना करू द्या, आणि त्यांच्याजवळ बसा. फळ्याजवळ बसायला खुर्ची लागत नाही, सतरंजीही पुरते.

आता माझ्यासमोर एकच विद्यार्थिनी बसते. चिंगीची लेक, सहा वर्षांची. बीजगणिताचं तिला अजून ओ की ठो कळत नाही, पण खडूचा आवाज तिला फार आवडतो. आईने तिला सांगून ठेवलं आहे, आजोबा लिहितात ते बघायचं, विचारलं तर हो म्हणायचं. अलीकडे सर तिला चिंगी म्हणतात. ती ओ देते.

काल सर स्वतःहून उठले. खूप दिवसांनी त्यांनी खडू घट्ट धरला. त्यांनी लिहिलं :

आईचे आजचे वय मुलीच्या वयाच्या पाचपट आहे. सहा वर्षांनंतर ते मुलीच्या त्या वेळच्या वयाच्या तिप्पट होईल. तर दोघींची आजची वये काढा.

"समजा," सर म्हणाले, आणि ते 'समजा' अगदी जुन्या आवाजातलं होतं, "समजा, मुलीचं आजचं वय क्ष. मग आईचं?"

"हो," छोटी म्हणाली.

"पाच क्ष. शाबास." ५क्ष + ६ = ३(क्ष + ६). कंसाबाहेरचा तीन दोघांनाही भेटला. ५क्ष + ६ = ३क्ष + १८. अधिक सहा पलीकडे गेले आणि उणे झाले. २क्ष = १२. क्ष = ६. एकही पायरी गाळली नाही. एकही चिन्ह चुकलं नाही. मग ताळा. सहा वर्षांनी मुलगी बारा, आई छत्तीस. बारा त्रिक छत्तीस. डावी बाजू बरोबर उजवी बाजू.

चिंगी दारात येऊन उभी राहिली होती. ओळी वाचता वाचता तिचा चेहरा उजळत गेला. खरंच उजळत गेला, मित्रांनो. मीही पाहिलं.

सर छोटीजवळ वाकले. "उत्तर काय आलं, चिंगे? मुलगी सहा वर्षांची, आई तीस वर्षांची. म्हणजे तू आणि तुझी आई! आई बाजारातून आली की तिला दाखव हं, खूश होईल." मग त्यांची नजर दाराकडे गेली. ते जरा अवघडले, सदऱ्याची कड नीट केली, आणि अदबीने म्हणाले, "या ना बाई, बाहेर का उभ्या? मुलाला घालायचंय का वर्गात? या, बसा."

आणि हात धुवायला आत गेले.

चिंगी आली. तीस वर्षांची चिंगी. सतरंजीवर लेकीशेजारी बसली आणि माझ्यावरच्या शेवटच्या ओळीकडे बघत राहिली. सगळं बरोबर होतं. पुसून दुरुस्त करावं असं कुठेच काही नव्हतं.

छोटीने खडूचा तुकडा उचलला, तळहातावर फिरवला, आणि मान वाकडी करून विचारलं, "आई, आजोबांना मी म्हणजे तू वाटते. मग तू त्यांना कोण वाटतेस?"